कृषी पदवीचं शेवटचं वर्ष: ‘रावे’त काय असतं आणि बऱ्हाणपूरच्या केळीला त्यातून काय मिळतं?

पावसाळ्यात गावात टोपी आणि आयकार्ड घातलेली पोरं-पोरी बांधावर वही घेऊन दिसली, की शेतकरी म्हणतात, ‘रावेवाले आले’. रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम. बीएस्सी कृषीच्या चौथ्या वर्षाचा हा सक्तीचा भाग आहे. महाराष्ट्रात या विद्यार्थ्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. मध्य प्रदेशात हे शब्द फारसे चालत नाहीत, पण ‘रावे’ दोन्हीकडे तेच.

रंधावा समितीने 1992 मध्ये याची शिफारस केली. 2015 मध्ये केंद्राने ‘स्टुडंट रेडी’ योजना आणली आणि रावे तिच्यात आलं. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात सातवं सत्र पूर्ण यासाठीच आहे: 20 आठवडे, 20 क्रेडिट. त्यातले आठ आठवडे गावात, पाच कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रात, दोन वनस्पती चिकित्सालयात आणि तीन कृषी उद्योगात. उरलेले दोन तयारी आणि अहवालाचे. योजनेत महिना 3000 रुपये विद्यावेतन धरलेलं आहे. खोलीभाडं आणि डबा धरला तर ते पुरत नाही, हे सांगायला हिशेब नको.

आठव्या सत्रात अनुभवाधारित शिक्षण. मशरूम, मधमाशीपालन, बीजोत्पादन, माती-पाणी परीक्षण अशा विषयांतून दोन निवडायचे आणि ते धंद्यासारखे चालवून दाखवायचे.

बऱ्हाणपूरच्या मराठी घरातल्या मुलांपुढे दोन वाटा असतात. मध्य प्रदेशात पीएटी देऊन ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाची महाविद्यालयं, त्यातलं जवळचं खंडव्याचं. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी देऊन राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखालची जळगाव-धुळ्याकडची. तिकडे अधिवासाची अट आडवी येते, म्हणून अर्ज भरण्याआधी कागदपत्रं नीट तपासलेली बरी. देशपातळीवरच्या कोट्यासाठी सीयूईटी आहे.

आता मुद्दा केळीचा. बऱ्हाणपूर आणि पलीकडचं रावेर, पीक एकच. मृग बाग जून-जुलैत लागते आणि घड कापायला पुढचं वर्ष उजाडतं. रावेचे गावातले आठ आठवडे साधारण याच पावसाळ्यात येतात. म्हणजे विद्यार्थी रोप पाहतो, घड पाहत नाही. खताचा जो डोस त्याने सांगितला, त्याचा परिणाम दिसेपर्यंत त्याच्या हाती पदवी आलेली असते. या कार्यक्रमातली ही खरी उणीव आहे आणि ती अहवालात सापडत नाही.

पण याच दिवसांत एक काम असं आहे, की त्यात विद्यार्थी बागेचं नुकसान वाचवू शकतो. सीएमव्ही, म्हणजे ज्याला केळी पट्ट्यात ‘हरण्या’ म्हणतात तो विषाणूजन्य रोग, कोवळ्या बागेत ढगाळ हवामानात जोर धरतो. पानावर पिवळे पट्टे येतात, पुढे पोंगा सडतो. बरेचदा अन्नद्रव्याची कमतरता समजून शेतकरी आणखी खत टाकत बसतो आणि तेवढ्यात मावा रोग शेजारच्या झाडांवर नेतो. औषधाने हा बरा होत नाही. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा आणि बागेत काकडी-भोपळावर्गीय आंतरपीक घ्यायचं नाही, कारण विषाणू त्यांच्यावरही राहतो. आठवड्यातून दोनदा ओळीओळीने फिरून झाडं मोजणारी चार पोरं या कामाला पुरतात. बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक फोटोत छान दिसतं, पण ते बुरशीसाठी आहे. हरण्याला त्याचा उपयोग नाही.

शेतकऱ्यानेही मागून घ्यावं. माती परीक्षणाचा कागद हातात द्या म्हणावं आणि त्यातले आकडे समजावून घ्यावेत. रोगट पानाचा नमुना त्यांच्याबरोबर कृषी विज्ञान केंद्रात पाठवावा. बऱ्हाणपूर जिल्ह्याला स्वतःचं केंद्र आहे आणि रावेर तालुक्यात पालचं आहे.

सहाव्या अधिष्ठाता समितीचा नवा अभ्यासक्रम 2024-25 पासून येऊ लागला आहे. त्यात मधल्या वर्षी प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. त्या तुकड्या चौथ्या वर्षाला पोचतील 2027-28 मध्ये, तोवर बांधावर येणारी पोरं जुन्याच वेळापत्रकाची असतील.