सरकीच्या बॅगेची कुळकथा

मृग तोंडावर आला की परतूर तालुक्यातल्या आष्टीत भेटेल तो भेटेल त्याला विचारतो, "कोणती बॅग घेतली?" कशाची बॅग, हे सांगावं लागत नाही. बॅग म्हणजे सरकीची. आमच्याकडे बी सरकी आणि उभं पीकही सरकीच. हातात मावणारी, चकचकीत, टपोऱ्या बोंडांचा फोटो असलेली ही पिशवी आता इतकी सवयीची झाली आहे, की ती कधीकाळी नव्हतीच, हे तरुण शेतकऱ्याला खरं वाटत नाही.

ती नव्हती तेव्हा सरकी घरात होती. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात गावरानी कापूस पिकायचा. जिनिंगमधून रुई निघाली की उरलेली सरकी बैलांच्या आंबोणाला जायची आणि त्यातलीच निवडक पुढच्या पेऱ्याला राखायची. बियाला चिकटलेल्या तंतूंमुळे दाणे एकमेकांत अडकतात, म्हणून सरकी शेणमातीत चोळून, वाळवून मग तिफणीने पेरत. एकराला किलोंच्या हिशेबाने बी लागे, पण ते विकत घ्यावं लागत नसे. त्यामुळे दाणे मोजायची गरज कुणाला पडली नाही.

मोजायची वेळ आणली संकर वाणाने. 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-4 दिला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला हा पहिला संकरित कापूस. दोनच वर्षांनी धारवाडहून वरलक्ष्मी आलं. पुढे आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-44 दिला आणि मराठवाड्याने तो डोक्यावर घेतला.

संकर बी तयार कसं होतं, हे एकदा तरी शेतात उभं राहून बघावं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढून घ्यायचे आणि सकाळी नर झाडाचं फूल आणून उघड्या कुक्षीवर परागकण लावायचे. एकेक फूल असं हाताने करायचं, आणि हे काम मुख्यतः बायाच करतात. अमेरिका-ऑस्ट्रेलियात एवढी मजुरी परवडण्यासारखी नाही. म्हणून तिथे आजही कापसाचे सरळ, म्हणजे संकर नसलेले वाण लावतात आणि भारतात जवळपास सगळा कापूस संकरित आहे. या साऱ्या धंद्याचा पाया त्या बायांच्या नखांवर उभा आहे. बॅगेवर मात्र त्यांचा उल्लेख कुठे नसतो, आणि हे मला मनापासून खटकतं.

बी असं महाग पडलं म्हणून बॅग लहान झाली. साडेचारशे ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार हजार दाणे, आणि एकराला एक बॅग हा हिशेब. बॅग लहान झाली तशी पेरायची रीतही पालटली. तिफण बाजूला पडली. रानात उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात त्या फुलीवर दाणा टोबायचा. आमच्या भागातल्या चौफुलीचं मूळ बियाच्या किमतीत आहे.

संकराच्या पोटी एक कुलूपही आलं. त्याची घरची सरकी पेरली तर दुसऱ्या पिढीत पीक एकसारखं राहत नाही, म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं. कुठल्याही व्यापाऱ्याला गिऱ्हाईक असं कायमचं बांधून मिळत नाही. हे जालन्यात फार लवकर ओळखलं ते बद्रीनारायण बारवाले यांनी. भेंडीच्या पुसा सावनी वाणाच्या बियापासून सुरुवात करून 1964 मध्ये त्यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली. शेतकऱ्यांकडूनच बीजोत्पादन करून घ्यायचं आणि ते खात्रीने विकायचं, ही त्यांची पद्धत. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटोने महिकोत 26 टक्के हिस्सा घेतला, आणि बॅगेच्या कुळात दुसरं कुलूप शिरलं, ते जनुकाचं.

26 मार्च 2002 रोजी बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कापसाच्या तीन संकर वाणांना केंद्राच्या समितीने परवानगी दिली. तिन्ही महिकोचे होते. मोन्सँटोची खरी चाल मात्र पुढे दिसली. महिकोसोबतच्या संयुक्त कंपनीमार्फत तिने हे जनुक महिकोच्या प्रतिस्पर्ध्यांनाही परवान्यावर दिलं. विमानात असंच असतं. तिकीट कोणत्याही कंपनीचं काढा, बसायचं बहुधा बोइंगमध्ये नाहीतर एअरबसमध्ये. आष्टीच्या दुकानात बॅगांचे रंग आणि नावं डझनावारी झाली, आतलं जनुक मात्र एकाच घरचं. स्पर्धा पिशवीच्या बाहेर चालली होती, आत मक्तेदारी होती.

या मक्तेदारीची किंमत शेतकऱ्याने मोजली. त्या सुरुवातीच्या वर्षांत बॅग 1600 ते 1850 रुपयांपर्यंत गेली. त्यातले 1250 जनुकाचे. आंध्र प्रदेश सरकार 2006 मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि बॅग 750 रुपयांवर आली. महाराष्ट्रासह इतर राज्यांनी तीच वाट धरली. याच वर्षी औरंगाबादच्या नाथ सीड्सने चीनमधलं जनुक आणलं आणि जे. के. कंपनीने खरगपूर आयआयटीचं. जालना आणि औरंगाबाद या मराठवाड्याच्या दोन शेजारी शहरांत अमेरिका आणि चीन समोरासमोर आले होते! पण मोन्सँटोचंच दोन जनुकांचं बोलगार्ड-2 त्याच वर्षी बाजारात उतरलं आणि शेतकरी तिकडे वळला.

बीटीच्या बॅगेत आणखी एक छोटं पाकीट असायचं, 120 ग्रॅमचं, बिगर-बीटी सरकीचं. ते कडेला लावायचं होतं. तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होत राहिला तर अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. बहुतेकांनी ते बांधावर टाकलं. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्या पाकिटाचं काम त्याला नीट समजावून सांगणारं कुणी दुकानात नव्हतं. गुलाबी बोंडअळी सरावली, आणि 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडं आतून किडून गेली. आता बिगर-बीटी दाणे बॅगेतच मिसळून येतात, म्हणून बॅग 475 ग्रॅमची झाली आहे.

2016 पासून दर केंद्र सरकार ठरवू लागलं. जनुकाचं भाडं 49 रुपये झालं, मग 39, मग 20 आणि 2020 मध्ये शून्य. बोलगार्ड-2 चं पेटंट त्याआधीच, 2019 मध्ये संपलं होतं. मोन्सँटो 2018 मध्ये जर्मनीच्या बायरने विकत घेतली आणि ते नावच पुसलं गेलं. दुसरं कुलूप असं गळून पडलं. पहिलं अजून आहे. 2025 च्या हंगामात बॅगेचा कमाल दर 901 रुपये होता, आणि बरेच जण आता एकरी दोन बॅगा लावतात.

पहिल्या कुलपाची किल्ली परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याच्याच नांदेडच्या केंद्राने एनएच-1901, 1902 आणि 1904 हे बीटीचे सरळ वाण दिले आहेत. त्यांची सरकी पुढच्या वर्षी घरच्या घरी पेरता येते, आणि शेतकऱ्याने राखलेलं बी पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. सगळं रान त्यांच्या हवाली करा, असं मी म्हणणार नाही. पण आष्टी-परतूरच्या शेतकऱ्यांनी येत्या मृगात निदान दहा गुंठे हे वाण लावून पाहावेत, आणि वेचणी झाली की त्यातली चार किलो सरकी वेगळी काढून ठेवावी.