गटात न बसणारं कोण?

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘गटात न बसणारे चित्र ओळखा’ असा प्रश्न असतो ना, तसाच एक प्रश्न आज आपण पाहू. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी चार चित्रं दाखवली : हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं वेगळं कोणतं?

आपण चटकन म्हणतो, ओंडका; बाकीची तर हत्यारं. शेतकऱ्यांचं म्हणणं, चारही हवीत. ओंडकाच काढला तर करवतीनं कापायचं काय? एक-दोन वर्षं शाळेत गेलेले तरुण मात्र आपल्यासारखंच उत्तर देत. हे सगळं पुस्तकरूपानं यायला १९७४ साल उजाडलं.

आता आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारणार, चुकलं कोण? शेतकऱ्यानं गट कामावरून केला, आपण प्रकारावरून. प्रश्नात निकष सांगितलेलाच नसतो. तो शाळा शिकवते. म्हणून नातवंडांना आधी ‘उरलेल्या तिघांत समान काय?’ हे शोधायला शिकवू या. आणि उत्तर चुकलं, तर ‘ढ’ म्हणण्याआधी विचारू या, ‘बाळा, तू गट कसा केलास?’