स्क्रॅच : रीमिक्स आणि श्रेय
अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने मुख्यतः 8 ते 16 वयोगटासाठी घडवलेली स्क्रॅच ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिचे संकेतस्थळ 2007 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथे मांडलेल्या कोणत्याही प्रकल्पाची रचना उघडून, बदलून पुन्हा प्रकाशित करता येते; यालाच रीमिक्स म्हणतात. मूळ कर्त्याचे नाव आपोआप जोडले जाते. रीमिक्स म्हणजे नक्कलच, असा आक्षेप मुलांनीही घेतला, आणि तो पोकळ नाही. मोनरॉय-एर्नांदेस व सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात यंत्राने लावलेल्या नावापेक्षा माणसाने आपणहून दिलेले श्रेय मुलांना मोलाचे वाटल्याचे दिसले. तरीही रीमिक्सवर बंदी हा उपाय नव्हे. नुसते रंग बदलणारे रीमिक्स असतातच, पण खेळाचे नियम बदलायचे तर आधी दुसऱ्याचा विचार उकलावा लागतो. प्रकल्पाच्या पानावर श्रेयासाठी रकाना आहे. शिक्षकांनी तो मुलांकडून त्यांच्याच शब्दांत भरून घ्यावा.