होडीतले मामा

1952 सालचा वसंत. क्राकोव्हमधली काही विद्यार्थी मंडळी झाकोपानेला निघाली होती. पावसाळा सरता सरता आपल्याकडे लोक कासच्या पठारावर फुलं बघायला जातात. तसंच दक्षिण पोलंडमध्ये बर्फ वितळू लागलं की टाट्रा पर्वताच्या कुरणांवर फुललेले जांभळे क्रोकस बघायला जातात. (क्रोकस म्हणजे केशराचंच भावंड.) बेत ठरला तेव्हा मुलगेही येणार होते, पण ऐन वेळी ते गळाले. उरल्या पाच मुली आणि साध्या कपड्यांतला एकतिशीचा एक माणूस. त्याचं नाव फादर कारोल वोयतिवा.

पंचाईत झाली ती हाक मारण्यावरून. रेल्वेच्या डब्यात चारचौघांत 'फादर' म्हणायची सोय नव्हती. स्टालिन अजून जिवंत होता. कॅथलिक तरुणांच्या संघटना सरकारने मोडून काढल्या होत्या. धर्मगुरूने काय ते चर्चच्या चार भिंतींत करावं, बाहेर विद्यार्थ्यांचा गट घेऊन हिंडू नये, असा दंडक होता. तेव्हा मुलींनी त्याला 'वुयेक' म्हणायला सुरुवात केली.

नात्यांच्या बाबतीत जुनी पोलिश भाषा मराठीइतकीच काटेकोर. आईचा भाऊ वेगळा, बापाचा भाऊ वेगळा, आणि वुयेक हा आईकडचा. म्हणजे आपला मामा. पुढे बोलीत काकालाही वुयेक म्हणू लागले ते सोडा. पण रागावण्याचं काम वडिलांकडे आणि गुजगोष्टी मामाशी, ही वाटणी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. गरजेपोटी घेतलेलं हे टोपणनाव त्या माणसाला आयुष्यभर चिकटलं.

वोयतिवा विद्यार्थ्यांचे धर्मगुरू होते, पण विद्यापीठातल्या मुलांसाठी वेगळा धर्मगुरू नेमायची पद्धत तशी फार जुनी नव्हे. इंग्लंडमधल्या कॅथलिक मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायची मोकळीक रोमने दिली ती 1895 साली. मुलं प्रोटेस्टंट वातावरणात बिघडतील ही धास्ती होती, म्हणून परवानगीपाठोपाठ त्यांच्यावर लक्ष ठेवायला पाद्रीही आला. सुरुवातीला हे काम थोडंफार वसतिगृहाच्या रेक्टरसारखंच होतं. 1926 ते 1939 या काळात ऑक्सफर्डला रोनाल्ड नॉक्स हे गुरू होते. मुलांसाठी ते प्रवचनं लिहीत आणि एरवी रहस्यकथा. रहस्यकथेत काय चालेल नि काय चालणार नाही याचे त्यांनी केलेले दहा नियम आजही त्या शौकिनांना ठाऊक असतात.

इटलीत हेच काम जोखमीचं होतं. व्हॅटिकनच्या सचिवालयातले जोव्हान्नी बात्तिस्ता मोन्तिनी 1925 पासून कॅथलिक विद्यार्थी संघटनेचे धर्मगुरू होते. 1931 मध्ये मुसोलिनीने कॅथलिक युवक संघटनांवर बडगा उगारला. पुढे तडजोड झाली, पण 1933 मध्ये मोन्तिनींना ते काम सोडावं लागलं.

वोयतिवा यांना क्राकोव्हच्या संत फ्लोरियन चर्चमध्ये 1949 साली धाडण्यात आलं. विद्यापीठाचं परंपरागत चर्च संत अ‍ॅनचं. तिथली गर्दी वाढली होती, दुसरं ठिकाण हवं होतं. संत फ्लोरियनच्या आसपास तंत्रनिकेतन होतं, कला अकादमी होती आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं होती. नवे सहायक धर्मगुरू स्वतः युद्धकाळात दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबले होते. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी जर्मनांपासून लपूनछपून केला होता. त्यांना प्रार्थनेचं वळण लावलं ते कुणा बिशपने नव्हे, यान तिरानोव्स्की नावाच्या शिंप्याने. जर्मनांनी धर्मगुरूंची धरपकड केली तेव्हा हा शिंपी आपल्या घरी पोरं जमवून जपमाळेचे गट चालवत असे. झगा न घालणारा माणूसही गुरू असतो, हे वोयतिवांनी विशीतच पाहिलं होतं.

संत फ्लोरियनमध्ये त्यांनी मुलांचा गायनवृंद बसवला, त्यांना ग्रेगोरियन गायन शिकवलं, दर आठवड्याला व्याख्यानं सुरू केली. विषय जड असत: देव आहे का, आत्मा म्हणजे काय. वर्गात मार्क्सवाद सक्तीचा असल्याने मुलांना उत्तरं हवीच होती. पण मुलं खरी गुंतली ती व्याख्यान संपल्यावरच्या गप्पांत. परीक्षा, नोकरी, घराची टंचाई, कुणाशी लग्न करावं, ते निभेल का. विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्गही वोयतिवांनी तिथेच सुरू केले.

मग नद्या आल्या. यात मोठा वाटा येझी चेशेल्स्की या तरुण अभियंत्याचा. 1953 मध्ये ब्रदा नदीवर पहिली सफर झाली. दोघांच्या कयाक, तंबू, शेकोटी, डब्यातलं अन्न. पहाटे मिस्सा व्हायची. एक कयाक उपडी घातली की वेदी तयार, दोन वल्ही आडवी-उभी बांधली की क्रूस. दिवसा वुयेकच्या होडीत पुढच्या जागी आळीपाळीने एकेक जण बसे. पाणी कापत दोन-तीन तास चाललेल्या त्या बोलण्याला समोरासमोर बसल्याचा संकोच नसे. दोघांचीही नजर नदीवर. पापनिवेदनाच्या कोठडीत जाळीमुळे जे साधतं, ते नदीवर आपोआप साधलं.

म्हणजे सरकारने धर्मगुरूला देवघरात कोंडायला जी बंदी घातली, तिनेच त्याला घराबाहेर काढलं. मोकळीक असती तर बहुधा एखादं सभागृह, एक कार्यकारिणी आणि वार्षिक अहवाल, एवढंच हाती लागलं असतं. या गटाला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. पुढे त्याला 'श्रोदोविस्को' म्हणू लागले. साधा शब्द आहे, अर्थ 'भोवतालची मंडळी'.

1954 मध्ये सरकारने क्राकोव्हच्या विद्यापीठातला धर्मशास्त्र विभागच बंद केला आणि वोयतिवा लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवू लागले. सफरी मात्र चालू राहिल्या. प्रेम, शरीर आणि विवाह यांवर ते लिहीत असलेल्या पुस्तकाचा खर्डा त्यांनी माझुरीच्या तळ्यांकाठी या मित्रांपुढे ठेवला. लग्न झालेले, होऊ घातलेले सगळेच त्यावर बोलले. 1960 साली 'प्रेम आणि जबाबदारी' प्रसिद्ध झालं. धर्मगुरूने लिहिलेल्या पुस्तकात पुरुषाने स्त्रीच्या सुखाचाही विचार करावा, हे इतक्या उघडपणे वाचून तेव्हाच्या वाचकांना धक्का बसला. त्याच वर्षी टोपणनावाने त्यांचं 'सोनाराचं दुकान' हे तीन जोडप्यांवरचं नाटकही आलं.

इथे एक शंका मात्र राहतेच. शेकोटीभोवती बसलेली जोडपी भाविक होती, निवडक होती. कृत्रिम संततिनियमनाला वोयतिवांचा विरोध होता आणि पोप पॉल सहावे यांनी 1968 मध्ये त्याला मनाई करणारं पत्रक काढलं तेव्हा ते त्यांनी ठामपणे उचलून धरलं. जगभरच्या असंख्य कॅथलिक जोडप्यांनी ते मानलं नाही. नदीकाठच्या वीस-पंचवीस मित्रांचा अनुभव मुंबईच्या चाळीतल्या किंवा ब्राझीलच्या झोपडवस्तीतल्या संसाराला कितपत लागू पडावा?

1958 च्या ऑगस्टमध्ये मंडळी वीना नदीवर असताना पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांचं बोलावणं आलं. वोयतिवा आधी कयाकने, मग पिठाची पोती वाहणाऱ्या ट्रकने ओल्श्तिनेकला पोचले आणि रात्रीच्या गाडीने वॉर्सॉला गेले. क्राकोव्हचे सहायक बिशप म्हणून नेमणूक झाली होती. वय अवघं अडतीस. त्यांनी होकार दिला आणि उरलेली सफर पुरी करायला ते परत नदीवर आले.

वर्षं गेली. मुलांची लग्नं झाली, वुयेकनेच लावली. त्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे झाले. मग ती पोरंही होड्यांत बसू लागली. 1970 च्या ऑक्टोबरात सुदानमध्ये नाईल नदीवरच्या बोटीच्या अपघातात चेशेल्स्की आणि त्यांची दोन मुलं बुडाली. त्या संसारी अभियंत्याला संतपद मिळावं यासाठीची प्रक्रिया आता चर्चमध्ये चालू आहे.

1978 च्या जुलैत कार्डिनल वोयतिवा मित्रांसोबत रुझित्सा नदीवर होते. ती शेवटची सफर ठरली. आज त्या जलमार्गाला त्यांचं नाव आहे. मंडळी घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत, 6 ऑगस्टला, पोप पॉल सहावे वारले. 1925 साली रोममध्ये विद्यार्थ्यांचे धर्मगुरू झालेले मोन्तिनी ते हेच. त्यांच्यामागून आलेले पोप तेहतीस दिवसांत गेले आणि 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी व्हॅटिकनच्या सज्जातून वोयतिवांचं नाव पुकारलं गेलं. जग त्यांना जॉन पॉल दुसरे म्हणू लागलं. क्राकोव्हची ती जुनी मंडळी मात्र वुयेकच म्हणत राहिली.