घर-प्लॉटचं कर्ज आणि वकील: चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुटुंबांनी काय तपासावं?

‘बँकेच्या वकिलाने कागद पास केले, म्हणजे प्लॉट चोख आहे,’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ही समजूत महागात पडू शकते. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी काम करतो. त्याची फी तुमच्या खात्यातून कापली जाते, पण तो अहवाल देतो बँकेला. बँकेचा पैसा सुरक्षित आहे का, एवढंच तो बघतो. उद्या मालकी हक्कात खोट निघाली, तर जमीन जाते आणि हप्ते मात्र सुरूच राहतात. म्हणून मोठा व्यवहार करताना स्वतःचा वेगळा वकील लावा आणि इसार देण्याआधी लावा, असं आम्ही सांगतो. इसार दिल्यावर वकिलाकडे गेलं की सल्ला कमी आणि धावपळ जास्त होते.

आपल्या जिल्ह्यांत जमिनीचा प्रकार आधी बघा

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याला जे प्रश्न पडत नाहीत, ते आपल्याकडे पहिले येतात. रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की झाली, असं नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या हक्काची हमी देत नाही. म्हणून वकिलाला पुढचे पाच प्रश्न नेमके विचारा.

एक, जमीन आदिवासी खातेदाराची आहे किंवा पूर्वी होती का? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. गडचिरोलीचा मोठा भाग आणि राजुऱ्याकडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, पण हा नियम त्या क्षेत्राबाहेरच्या आदिवासी खातेदारालाही लागू आहे. ‘स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ, नोटरी करू,’ असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबा. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते.

दोन, वनहक्काचा पट्टा आहे का? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हक्क वारसांना जातो, पण विकता येत नाही. असा पट्टा ‘विकत घेणाऱ्या’च्या हातात काहीच येत नाही.

तीन, जुन्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ लिहिलं आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगल जमिनी वनजमीन मानल्या जातील, असा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांशी तो संबंधित आहे. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी वेगळा मार्ग ठेवला आहे. त्यानंतरच्या वाटपांकडे न्यायालयाने कडक नजरेने पाहिलं आहे. म्हणून नुसता आजचा सातबारा पुरत नाही. जुने अधिकार अभिलेख आणि गावाचं निस्तार पत्रकही वकिलाने बघितलं पाहिजे.

चार, सातबारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ आहे का? असेल तर विक्री आणि गहाण यांवर अटी असतात. शहरात नझूल जमीन असेल तर भाडेपट्ट्याची मुदत आणि हस्तांतराची परवानगी तपासा.

पाच, शेतजमीन घेत असाल तर घेणारा स्वतः शेतकरी आहे का? विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळ कायदा आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन आहे. शेतात खुंट्या ठोकून ‘ले-आऊट’ म्हणून विकलेल्या प्लॉटसाठी अकृषक परवानगीचा आदेश आणि मंजूर नकाशा स्वतः डोळ्यांनी बघा.

वारसाहक्कात अडकलेलं घर

आपल्या कुटुंबांची फाईल बँकेत सगळ्यात जास्त वेळा इथेच अडते. अब्बांच्या नावावरचं घर मोठा भाऊ वापरतो, घरपट्टी त्याच्या नावाने येते, आणि तो कर्जाला अर्ज करतो. पण मुस्लिम कायद्यात हिंदू एकत्र कुटुंबासारखी व्यवस्था नाही. मय्यत झाली त्या क्षणी प्रत्येक वारसाचा वेगळा हिस्सा ठरतो. एक वारस फक्त आपला हिस्सा विकू किंवा गहाण ठेवू शकतो.

उदाहरण बघा. मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आई-वडील आधीच वारलेले आहेत. घराचे ४० भाग केले तर पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ भाग येतात. त्या ७ भागांची मालकीण असलेल्या बहिणीची सही नसेल, तर खरेदीखत अर्धवटच. ‘तिच्या निकाहात खर्च केला होता’ हे कारण कायद्यात चालत नाही. ती स्वखुशीने हक्क सोडत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. वडील हयात असताना तिच्याकडून लिहून घेतलेल्या कागदावर विसंबू नका. वडिलांच्या हयातीत तिचा हिस्सा जन्मालाच आलेला नसतो, मग ती सोडणार काय?

वारसांत अल्पवयीन मुलं असतील तर जास्त सांभाळा. वडिलांच्या मृत्यूनंतर आई मुलांचा सांभाळ करते, पण मुस्लिम कायद्यात ती त्यांच्या मालमत्तेची आपोआप कायदेशीर पालक होत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून तिची नेमणूक करून घ्यावी लागते, आणि मुलांचा हिस्सा विकायला किंवा गहाण ठेवायलाही न्यायालयाची परवानगी लागते. ‘आईची सही पुरे’ असं सांगून विधवा भाभीकडून व्यवहार उरकून घेणारे भेटतात. मुलं मोठी झाल्यावर तो व्यवहार न्यायालयात टिकत नाही. नुकसान घेणाऱ्याचंही होतं आणि मुलांचंही.

हिबाचं तसंच. तोंडी हिबा मुस्लिम कायद्यात वैध आहे. देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पण बँका बहुधा नोंदणीकृत बक्षीसपत्रच मागतात. कर्ज काढायचं मनात असेल तर आधीच नोंदणी करून ठेवा.

वकिलाशी व्यवहार कसा ठेवावा

लोकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: फी वाढत गेली, फोन उचलत नाहीत, कागद परत देत नाहीत. त्यावर काही गोष्टी पक्क्या माहीत असू द्या.

फी किती, त्यात शोध अहवाल, मसुदा आणि फेरफाराचा पाठपुरावा येतो का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वकिलाच्या फीपासून वेगळी दाखवायला सांगा आणि सरकारी पावत्या मागून घ्या. निकालावर अवलंबून टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. फी बाकी आहे म्हणून वकील तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. तरीही मूळ खरेदीखत कोणाच्या हाती सोडू नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा, आणि द्यावंच लागलं तर पोचपावती घ्या.

कोर्टाच्या आवारात बसणारे सगळेच वकील नसतात. दस्तलेखक मसुदा चांगला लिहितो, पण मालकी हक्काचा शोध हे त्याचं काम नाही. वकिलाचा सनद क्रमांक विचारायला लाजू नका.

तक्रार कुठे करायची? १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची असते. बँकेच्या सेवेबद्दल मात्र ग्राहक आयोग आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, दोन्ही वाटा खुल्या आहेत.

हप्ते थकले तर

सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस आली की ती कपाटात ठेवू नका. लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. या प्रकरणात दिवाणी न्यायालयाला सहसा अधिकार नसतो. गावातल्या ओळखीच्या वकिलाकडून इथेच दावा लावण्यात दिवस गेले, तर ती मुदत हातची जाते. म्हणून न्यायाधिकरणात काम करणारा वकील शोधा. शेतजमिनीला सरफेसी लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा.

कर्ज फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबारावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातून बँकेचं नाव गेलं का, तेही तपासा.

फी परवडत नसेल तर

चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. वारसाहक्कात डावलली गेलेली बहीण किंवा अल्पवयीन मुलांची आई पैशाअभावी गप्प बसत असेल, तर तिला हा पत्ता सांगा. घरातल्या पुरुषांनीही तिच्यासोबत तिथपर्यंत जावं. तिचा हिस्सा तिला देणं शरीअतही सांगते आणि देशाचा कायदाही.