आवृत्तीचे पान नसलेल्या मालिका

अनुवाद करणाऱ्याला एक सवय जडते. पुस्तक हाती आले की मजकुराआधी तो बारीक अक्षरांतले पान उघडतो. आवृत्ती कितवी, वर्ष कोणते, ‘सुधारित’ म्हटले आहे की ‘संक्षिप्त’, हे पाहिल्याशिवाय कामाला हात घालता येत नाही. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्यांत एक प्रकरण कमी-जास्त निघाले, तर आपण नक्की कशाचा अनुवाद करतो आहोत, हा प्रश्न उभा राहतो. तौलनिक साहित्याच्या वर्गात मी पाठभेद, संपादन, संहिता हे शब्द शिकले, पण त्यांचा खरा धाक बसला तो कामाला लागल्यावर.

हीच सवय घेऊन मी टीव्ही मालिकांच्या डीव्हीडी संचांकडे पाहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोट्यवधी लोकांनी आपल्या काळाची गोष्ट कादंबरीतून वाचली नाही, मालिकेतून पाहिली. ती गोष्ट पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या रूपात पोचते, हे त्या मालिका विकणाऱ्या कंपन्यांनी ठरवले. म्हणजे या कंपन्या प्रकाशक झाल्या, आणि प्रकाशकाला विचारायचे प्रश्न त्यांनाही विचारता येतात. सगळे भाग दिले आहेत का? क्रम बरोबर आहे का? जे प्रसारित झाले तेच आहे का? आणि बदल केला असेल, तर तो सांगितला आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गेल्या पन्नासेक वर्षांत हळूहळू सुधारत गेली. चौथ्याचे उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी आजही मौनच आहे.

मुळात मालिका जपून ठेवायची वस्तू आहे, असे सुरुवातीला फारसे कुणाला वाटत नव्हते. कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा आणि हवेत विरून जायचा. दूरच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यावरचे चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपून प्रत काढत, आणि ती प्रत धूसर असे. १९५१मध्ये ‘आय लव्ह लूसी’ सुरू होताना ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ यांनी हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायला नकार दिला. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायचे ठरले. त्याचा जादा खर्च निघावा म्हणून दोघांनी मानधन कमी घेतले आणि बदल्यात मालिकेची मालकी आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवली. आज सत्तर वर्षांनंतरही ती मालिका लख्ख दिसते, ती या सौद्यामुळे.

उलट टोकाची गोष्ट बीबीसीची. व्हिडिओ टेप १९५६मध्ये आली. ती महाग होती, पण पुसून पुन्हा वापरता येत असे, आणि हीच सोय पुढे घातक ठरली. १९६३मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’चे शंभराच्या आसपास भाग याच कारणाने नाहीसे झाले. टेपा पुसल्या गेल्या, परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म प्रतीही पुष्कळशा नष्ट केल्या गेल्या. यात कुणाचे वैर नव्हते. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, आणि घरोघरी कार्यक्रम विकत घेतले जातील ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. जे पुन्हा दाखवता येणार नाही आणि विकताही येणार नाही, त्याने कपाट कशाला अडवायचे, एवढाच हिशेब होता.

व्हीएचएस कॅसेट आली तेव्हा विक्री सुरू झाली, पण मालिका हे सलग पुस्तक आहे याचे भान कुठे नव्हते. १९८३मध्ये ‘डॉक्टर हू’ची पहिली कॅसेट निघाली. तिच्यात चार भागांची कथा मधली शीर्षके कापून, जोडून, सिनेमासारखी केलेली होती. प्रत्येक भाग ज्या उत्कंठेवर तुटायचा ती तूटच गेली. पॅरामाउंटने मूळ ‘स्टार ट्रेक’चे भाग एकेका कॅसेटवर सुटे विकले. डीव्हीडीचा काळ आल्यावरही सवय सुटली नाही. १९९९ ते २००१ या काळात तीच मालिका एका तबकडीवर दोन भाग अशा चाळीस तबकड्यांत आली. जागा वाचवायची म्हणून कादंबरी प्रकरणाप्रकरणाने विकावी, तसा हा प्रकार.

वळण आले मे २०००मध्ये. फॉक्सने ‘द एक्स-फाइल्स’चे पहिले पर्व, चोवीस भाग, सात तबकड्यांच्या एका संचात विकायला काढले. किंमत दीडशे डॉलरच्या घरात होती, तरी लोकांनी तो घेतला. पूर्ण पर्व, प्रसारणाच्या क्रमाने, एका खोक्यात, हा साचा पुढे सगळ्यांनी उचलला. त्याचा परिणाम लेखनावरही झाला असे मला वाटते. प्रेक्षक मागचा भाग काढून पाहू शकतो म्हटल्यावर वर्षभर चालणारे कथासूत्र विणायला धीर येतो.

याच फॉक्सच्या वाहिनीने २००२मध्ये ‘फायरफ्लाय’ दाखवली, तीही उलटसुलट क्रमाने. दोन तासांचा आरंभीचा भाग सगळ्यांत शेवटी आला, आणि चौदांपैकी तीन भाग दाखवलेच नाहीत. वर्षभराने फॉक्सच्याच होम व्हिडिओ विभागाने सर्व चौदा भाग दिग्दर्शकाला हव्या असलेल्या क्रमाने बाजारात आणले. ते इतके खपले की २००५मध्ये त्यावर युनिव्हर्सलने चित्रपट काढला. इथे प्रसारण हा भ्रष्ट पाठ ठरला आणि तबकडी शुद्ध पाठ. एकाच इमारतीतल्या एका विभागाने बिघडवले, दुसऱ्याने सावरले. ‘अमुक स्टुडिओ चांगला, तमुक वाईट’ असा सरळ ताळेबंद मांडता येत नाही, तो यामुळे.

आता खरी अडचण, म्हणजे संगीत. मालिकेत एखादे लोकप्रिय गाणे वाजवायचे तर दोन परवानग्या लागतात. एक गाण्याच्या रचनेची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच करार फक्त प्रसारणापुरते आणि ठरावीक वर्षांपुरते होते. घरगुती विक्रीचा उल्लेखच नसे. त्यामुळे डीव्हीडी काढायची वेळ आली की एकेका गाण्यासाठी नव्याने पैसे मोजा, नाहीतर ते काढून दुसरे काहीतरी भरा, एवढेच पर्याय उरत.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (१९७८-८२) ही एका रेडिओ केंद्राची विनोदी मालिका. मंद, गुळगुळीत संगीत वाजवणारे केंद्र एका दिवसात रॉक वाजवू लागते, इथून ती सुरू होते. म्हणजे गाणे हीच तिची कथावस्तू. २००७मध्ये फॉक्सने पहिले पर्व काढले तेव्हा बरीचशी गाणी बदललेली होती, त्यांच्या जागी कुणाचे नसलेले, निनावी वाद्यसंगीत होते. गाण्यावर बेतलेले संभाषण गाणे गेल्यावर लंगडे पडते. पात्रे ज्यावर हसतात ते प्रेक्षकाला ऐकूच येत नाही. पुढची पर्वे फॉक्सने काढलीच नाहीत.

‘नॉर्दर्न एक्स्पोझर’चे तसेच. अलास्कातल्या एका काल्पनिक गावात सकाळी रेडिओवर बोलणारा तरुण सगळ्या गावाला एका सुरात बांधतो, त्याने लावलेले गाणे हा त्या दिवसाचा जणू मंगलाचरणाचा श्लोक असतो. युनिव्हर्सलच्या नंतरच्या संचांत ही गाणी मोठ्या प्रमाणावर बदलली गेली. सोनीने ‘मॅरिड... विथ चिल्ड्रन’चे शीर्षकगीत तिसऱ्या पर्वापासून काढून टाकले. लग्नाचे गोडवे गाणारे फ्रँक सिनात्राचे गाणे आणि पडद्यावर वैतागलेले कुटुंब, हा त्या मालिकेचा सगळ्यांत पहिला विनोद होता. तो प्रत्येक भागाच्या आरंभी मेलेला मिळू लागला.

अनुवादकाच्या नजरेने पाहिले तर हा अनुवादच आहे. मूळ शब्द परवडत नाही म्हणून जवळचा दुसरा ठेवला. आम्हीही हे रोज करतो. फरक इतकाच की आमच्या पुस्तकावर ‘अनुवाद’ असे छापलेले असते.

हे टाळता येत नव्हते का? ‘फ्रीक्स अँड गीक्स’ या १९८०च्या सुमारास घडणाऱ्या अठरा भागांच्या मालिकेत त्या काळची गाणी ठासून भरलेली आहेत. शाउट फॅक्टरी या छोट्या कंपनीने २००४मध्ये ती सर्व मूळ गाण्यांसह काढली. ही कंपनी ज्यांनी सुरू केली ती माणसे ऱ्हायनो रेकॉर्ड्स या जुन्या संगीताच्या कंपनीतून आलेली होती. गाण्यांच्या परवानग्या कुठे आणि कशा मिळतात हे त्यांना माहीत होते, आणि गाणे गेले की काय जाते हेही. २०१४मध्ये त्यांनीच ‘डब्ल्यूकेआरपी’ पूर्ण काढली आणि बहुतेक गाणी परत आणली. ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’चा मूळ संगीतासह संच निघाला तो २०१८मध्ये, आणि तो ब्रिटनमध्ये. मोठ्या स्टुडिओच्या वहीत ही मालिका शेकडो मालिकांतली एक ओळ असते. छोट्या प्रकाशकाच्या वहीत ते वर्षाचे मुख्य पुस्तक असते. ग्रंथव्यवहारातही आपण हे पाहतोच.

मोठ्यांचे मोठे कामही नोंदवायला हवे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७-९४) फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचे संकलन आणि दृश्यचमत्कृती व्हिडिओ टेपवर झाल्या. त्यामुळे पक्की प्रत कमी स्पष्टतेची होती. २०१२ ते २०१४ या काळात ब्ल्यू-रेसाठी सीबीएसने मूळ निगेटिव्ह शोधून सर्व भाग अक्षरशः पुन्हा जुळवले, प्रत्येक कट जुन्या संकलनाबरहुकूम. हस्तलिखितांवरून संहिता नव्याने उभी करावी, तसे हे काम. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, आणि पुढच्या ‘डीप स्पेस नाइन’च्या वाट्याला ते आले नाही. मालिकेचे भाग्य तिच्या थोरल्या भावंडाच्या खपावर ठरले.

आणि बीबीसी? जिने पुसले, तिनेच पुढे सर्वांत काटेकोर आवृत्ती काढली. चाहत्यांनी प्रसारणाच्या वेळी घरी टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेला आवाज हरवलेल्या भागांचा वाचला होता. २००६मध्ये ‘द इन्व्हेजन’ या आठ भागांच्या कथेतले हरवलेले दोन भाग त्या आवाजावर ॲनिमेशन बसवून पुरे केले. रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म प्रती उरल्या होत्या, तेव्हा त्या फिल्मवर उमटलेल्या सूक्ष्म ठिपक्यांतून मूळ रंग वाचून काढले. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात नऊ हरवलेले भाग सापडले. डीव्हीडींवर पडद्याच्या तळाशी निर्मितीच्या टिपा वाचायची सोय असते. मला त्या तळटिपाच वाटतात. आणि इथला ॲनिमेशनचा भाग ॲनिमेशन म्हणूनच समोर येतो. भर घातली आहे, पण ती लपवलेली नाही.

मराठी वाचकाला हे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६मध्ये ती शुद्ध केली, आणि आपण हे केले, अमुक वर्षी केले, हे ग्रंथाच्या अखेरीस लिहून ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. वर एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठ खाली तळटिपांत जपले. संपादनाची नीती या दोन उदाहरणांत पुरती सामावते. बदल करावा लागतो, कधी तो अटळ असतो. पण पुढच्या वाचकाला तो कळला पाहिजे.

होम व्हिडिओत ही नीती क्वचितच दिसते. २०१४मध्ये एचबीओने ‘द वायर’ रुंद चौकटीत आणली तेव्हा तिचा कर्ता डेव्हिड सायमन याने कुठली दृश्ये सुधारली आणि कुठल्यांचे नुकसान झाले, हे सविस्तर लिहिले. हा अपवाद. एरवी ‘काही संगीत बदलले आहे’ अशी एक मोघम ओळ वेष्टनाच्या पाठीवर मिळाली तरी भाग्य. कुठल्या भागात, कुठले गाणे, किती सेकंद कापले, याचा पत्ता नाही. परवाना लाखोंत जातो हे मान्य. ही यादी छापायला मात्र कागदाचा खर्च येतो, तेवढाच.

आता तबकडीही मागे पडते आहे आणि मालिका प्रवाहात गेली आहे. जून २०२०मध्ये ‘थर्टी रॉक’चे चार भाग, त्यांत गोऱ्या कलाकारांनी काळा रंग फासला होता म्हणून, निर्मात्यांनी स्वतःहून सगळीकडून मागे घेतले. त्यामागची लाज मला समजते. पण ज्यांच्याकडे आधीचे संच आहेत त्यांच्याकडेच ते भाग उरले. त्या काळाला काय चालत होते, हे उद्या कुणाला अभ्यासायचे झाले तर पुरावा कुणाच्या तरी घरच्या फळीवर शोधावा लागेल. डीव्हीडीवर गाणे बदलले तेव्हा निदान जुनी आणि नवी अशा दोन वस्तू होत्या, शेजारी ठेवून ताडून पाहता येत. प्रवाहात एकच प्रत असते आणि ती रात्रीतून बदलता येते.

म्हणून स्टुडिओंची तुलना करताना मी चित्राची स्पष्टता, वेष्टनाची शोभा, सोबतच्या मुलाखती या गोष्टी दुय्यम मानते. पहिला क्रमांक मी त्याला देईन, जो आपण काय बदलले ते सांगतो. या कसोटीवर, शंभर भाग गमावलेली बीबीसी अख्खी मालिका हाती असलेल्या कित्येक कंपन्यांच्या पुढे आहे. तिथे काय हरवले आहे ते आपल्याला माहीत आहे, भागाच्या नावानिशी. इतरत्र काय हरवले ते कळायला मूळ प्रसारण पाहिलेला, कान शाबूत असलेला माणूस लागतो, आणि तशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.