छायाचित्राभोवतीची कोरी जागा

तळहाताएवढे छायाचित्र चौकटीत बसवताना त्याच्या चहूबाजूंना कोरा पुठ्ठा सोडतात, ज्याला फ्रेमवाले ‘माउंट’ म्हणतात. रेखाचित्रांभोवती असा पुठ्ठा आधीपासून असे. छायाचित्राला मात्र त्याची पहिली गरज भासली ती शोभेसाठी नव्हे, तर टिकण्यासाठी. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेला डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र, बोट लागताच पुसला जाई आणि हवेने काळवंडे. म्हणून त्यावर पितळी पत्र्याची खिडकी, तिच्यावर काच आणि कडांना कागदी पट्टी असे बांधून ते सारे मखमली अस्तराच्या डबीत ठेवीत. खिडकीमुळे काच चित्राला टेकत नसे.

१८५४ मध्ये दिस्देरी या पॅरिसच्या छायाचित्रकाराने व्हिजिटिंग कार्डाच्या मापाच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि पुढे ही स्वस्त कार्डे भिंतीऐवजी आल्बममध्ये गेली. छोट्या छायाचित्राला भिंतीवर आणण्याची खटपट शतकाच्या अखेरीस ज्यांनी केली, त्यांना ते ‘कला’ म्हणून मान्य करून घ्यायचे होते. बॉस्टनचा फ्रेड हॉलंड डे वेगवेगळ्या रंगछटांचे कागद एकावर एक असे चिकटवी, की प्रत्येकाची कड बारीक रेषेसारखी दिसे. या थरांत चित्र कधीकधी हरवून जाई, हेही खरे. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड स्टिग्लित्झने १९०३ ते १९१७ या काळात काढलेल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात फोटोग्रॅव्ह्यूर, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून शाईने काढलेले ठसे, अनेकदा पातळ जपानी कागदावर छापून हाताने पानांवर डकवलेले असत. पुढे अंक सुटे करून ही चित्रे चौकटींत गेली. तोच स्टिग्लित्झ १९२२ पासून ढगांची जी छायाचित्रे काढू लागला, त्यांपैकी बहुतेक जेमतेम ९ × १२ सेंटिमीटरची असून त्यांच्याभोवती कितीतरी मोठा पांढरा पुठ्ठा असे. डेची रंगसंगती जाऊन नुसती मोकळी जागा उरली होती.

या मोकळ्या जागेने नुकसानही केले, कारण स्वस्त पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातल्या लिग्निन या द्रव्यातून कालांतराने आम्ल तयार होऊन खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. महाराष्ट्रातल्या घरांतील जुन्या तसबिरींच्या पाठीमागची लाकडी फळीही हेच करते. पावसाळी दमटपणात काचेला थेट टेकलेल्या छायाचित्राचा जिलेटिनचा थर काचेलाच चिकटतो, तेव्हा ते ओढून काढणे म्हणजे फाडणेच. माउंट असलेली जुनी चौकट घरी उघडताना आधी पाठीमागच्या टाचण्या काढाव्या लागतात, मग पुठ्ठा अलगद उचलावा लागतो. त्याखाली दडलेली चित्राची कड उजेडापासून वाचलेली असल्याने मधल्या फिकट भागापेक्षा गडद दिसते, आणि मूळ छटा काय होती हे त्या अरुंद पट्टीवरूनच कळते.